नागमोडी चढ

शोकाचे दिवस संपले. दुसऱ्याच सकाळी मुकार्वेगोने नवऱ्याची विजेची सायकल बाहेर काढली आणि मागे दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरचे दुधाचे कॅन बांधले. टेकडीवरचं संकलन केंद्र नऊला बंद होई. सहकारी संस्थेच्या अध्यक्षीणबाईंनी आदल्या दिवशीच तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "दोन मोटरी जळल्यात या सायकलच्या. तिसरी जळली तर संस्थेला सायकल परत घ्यावी लागेल. मनाला लावून घेऊ नकोस." मुकार्वेगो "बरं" म्हणाली. मनाला काही लागतच नव्हतं.

त्या दोन मोटरी तिचा नवरा सेबाझुंगू नागमोडी चढायला शिकला त्याआधी जळल्या होत्या. सरळ चढात चाक रांगतं, आणि रांगणाऱ्या मोटरीतली बरीचशी वीज तारा तापवण्यातच जाते. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरकं गेलं की चढ सौम्य होतो आणि चाक वेगात राहतं. तिसऱ्या वळणावर असाच तिरका जाताना त्याला बटाट्यांच्या ट्रकने उडवलं.

मुकार्वेगो पहिली दोन वळणं सरळच चढली. त्यापुढच्या झऱ्यापाशी गासारासी, नवऱ्याचा जोडीदार, आपल्या मागच्या चाकातल्या मोटरीवर पाणी ओतत होता. चर्र आवाज येत होता.

"वहिनी, तूही ओत."

"तो नको म्हणायचा. गार पाण्याने आतली हवा आकसते, पाणी फटीतून आत खेचलं जातं. मग गंज."

"तो काय, दारुड्यासारखा रस्ता मापत जायचा नि..." गासारासी मध्येच थांबला.

तिने मोटरीवर तळहात ठेवला. सेबाझुंगूचा नियम होता: पाच मोजेपर्यंत हात टिकला तर निघायचं. तळहात लाल झाला तरी तो तिथेच होता. मोजायला सुरुवात केली होती की नाही, तेच तिला आठवेना.

"हात काढ आधी!" गासारासीने तिचं मनगट ओढलं.

"मला कळत नाहीये. तू ठेव."

त्याने ठेवला आणि झटकन काढला. "दोनसुद्धा नाही."

तिने कॅन उतरवले, सायकल स्टँडवर घेतली आणि चाक मोकळंच फिरत ठेवलं. ओझं नसलं की मोटर फारशी वीज ओढत नाही, आणि आत हवा खेळती राहते. दोघं बसून राहिले. खाली दरीत धुकं होतं. ती धुक्याकडे बघत होती, पण बघावंसं वाटत होतं असं नाही.

"आठ वाजून गेले," बऱ्याच वेळाने गासारासी म्हणाला. त्याने पुन्हा हात ठेवून पाहिला. "पाच. आता सरळच जा गं. तिथे तिरकी नको जाऊस."

"सरळ गेले तर जळेल."

गासारासीने तिला कॅन बांधायला मदत केली आणि तो आपल्या सायकलवर पुढे निघून गेला.

मुकार्वेगो तिसऱ्या वळणाशी आली तेव्हा त्याची सायकल रस्त्यात आडवी होती. वरून येणारा एक ट्रक थांबला होता, ड्रायव्हर खिडकीतून शिव्या देत होता.

"दे दे, अजून दे," गासारासी त्याला सांगत होता. "हिचं होईपर्यंत मला ऐकायचंच आहे."

ती डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत गेली, परत डावीकडे आली. उजव्या कडेला गवतात काचेचे तुकडे होते. ते चुकवून ती वळली.

केंद्रावर दूध घेतलं गेलं तेव्हा नऊला दहा मिनिटं कमी होती. मागून गासारासी आला. न विचारता त्याने तिच्या मोटरीवर हात ठेवला.

"सात," तो म्हणाला. मग विचारलं, "उद्या?"

"उद्याही दूध आहे," मुकार्वेगो म्हणाली आणि रिकामे कॅन बांधू लागली. तळहात आता कुठे चुरचुरायला लागला होता.