दाबलेलं बटण

कंपनीत तिला सगळे चिठ्ठीबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते माहीत होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. कंपनी इव्हॅल्युएशन बोर्ड बनवायची. बोर्ड म्हणजे तळहाताएवढी उघडी हिरवी पट्टी, तिच्यावर चिप आणि कडेला बोटभर एरियल. दुकानात विकायची ही वस्तूच नव्हे. दुसऱ्या कंपन्यांच्या इंजिनिअरांनी आपल्या टेबलावर ठेवायची, चिप कशी चालते ते बघायचं आणि मग आपलं यंत्र बनवायचं, एवढाच तिचा उपयोग. रेडिओ लहरींचा गोंगाट कुणी किती करावा याचे सरकारी नियम असतात, आणि तयार यंत्राला त्या नियमांच्या परीक्षेतून जावं लागतं. बोर्ड त्या परीक्षेला बसलेलाच नसतो. म्हणून प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी जाते: हा बोर्ड फक्त प्रयोगशाळेत वापरावा, घरात लावू नये, दुसऱ्या कुणाच्या रेडिओ यंत्रणेत अडथळा आल्यास तत्काळ बंद करावा. ती चिठ्ठी हिनं लिहिलेली होती आणि खाली सही हिची होती.

एकदा विक्रीवाल्यांनी घाईघाईत चाळीस खोकी बिनचिठ्ठीची भरली. हिनं गेटवर गाडी अडवली, चाळीसच्या चाळीस खोकी उतरवून घेतली आणि स्वतः उकिडवं बसून एकेक चिठ्ठी आत सरकवली. विक्रीवाला म्हणाला, मॅडम, ही चिठ्ठी वाचतं कोण? ती म्हणाली, ज्याच्यावर वेळ येते तो वाचतो. त्या दिवसापासून हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

घरी ती वरच्या मजल्यावर राहायची आणि बरोबर खाली तिची आई. नवरा जहाजावर, वर्षातून दोनदा घरी. आई टेलिफोन एक्स्चेंजमधून मुख्य ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली होती. जुन्या काळी चारशे नंबर तिला तोंडपाठ असायचे, आणि शहरातले मोठमोठे लोक नंबर विसरले की डायरी न उघडता तिलाच विचारायचे. निवृत्तीनंतरही तिची स्मरणशक्ती हाच तिचा दागिना होता. एखादा शेजारी काही विसरला की ती हसू दाबून त्याला तारखेसकट आठवण करून द्यायची.

गळ्यात खराखुरा दागिना मात्र वेगळाच होता. दोरीला अडकवलेलं एक लाल बटण. पडलं-झडलं, बरं वाटेनासं झालं तर दाबायचं. बटणाकडून रेडिओनं इशारा टेलिफोनजवळच्या पेटीला जायचा आणि पेटी मुलीच्या मोबाईलला फोन लावायची. हे बटण मुलीनं दहा ठिकाणी चौकशी करून निवडलेलं होतं. दर रविवारी सकाळी दोघी ते तपासून बघायच्या. आई दाबायची, मोबाईल वाजायचा, आई म्हणायची, लागला बाई नंबर.

तीन आठवड्यांपूर्वी एका मंगळवारी अकराच्या सुमाराला आई न्हाणीघरात घसरून पडली. डावं मनगट मोडलं. मोबाईल वाजला नाही. अडीच वाजता जिने झाडणारी बाई आली, तिनं आतून कण्हणं ऐकलं आणि दार उघडवून घेतलं. साडेतीन तास आई ओल्या फरशीवर पडून होती.

दवाखान्यात ती एकच सांगत होती, की मी बटण दाबलं, अंगठा दुखेपर्यंत दाबलं. मुलीनं बटणाच्या कंपनीला फाडफाड बोलून घेतलं. कंपनीनं फिटर पाठवला. मुलगी रजा टाकून घरी थांबली. फिटरनं वीस वेळा बटण दाबलं, वीस वेळा मोबाईल वाजला. त्यानं बटण बदललं, मग पेटीसुद्धा बदलली, आणि जुन्या पेटीतली नोंद काढून दाखवली. मंगळवारी पेटीपर्यंत काहीही पोहोचलेलं नव्हतं.

आता मुलगी पडली मोजमापाच्या धंद्यातली. दोन्ही बाजू ऐकून घेणं आणि मग आकड्याच्या बाजूनं निकाल देणं ही तिची रोजची भाकरी. तिनं आईच्या पलंगावर बसून, आवाज शक्य तितका मऊ करून सांगितलं, "आई, तू घाबरली होतीस. दाबलं असं तुला वाटतंय. यंत्र खोटं बोलत नाही."

आई पहिल्यांदा चिडली. दुसऱ्यांदा नुसती गप्प बसली. चौथ्या दिवशी म्हणाली, असेलही बाई, नसेल दाबलं. तिथून तिचं सगळं उतरणीला लागलं. भिंतींवर कागद दिसू लागले. गॅस बंद केला का. किल्ली उजव्या खणात. आज शुक्रवार. डॉक्टरांनी स्मरणशक्तीची साधी परीक्षा घेतली, तर चारशे नंबर पाठ असणारी बाई भीतीनं पाच शब्दांतले दोन विसरली. मग तिनं स्वतःच ठरवलं, की ज्या माणसाला बटण दाबल्याचं कळत नाही त्यानं एकटं राहू नये. शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात एक खोली मिळाली. सोमवारी जायचं होतं. मुलगी नको नको म्हणाली, पण आतून तिलाही ते पटत होतं, आणि पटत होतं म्हणून ती रोज अंघोळ करताना रडायची.

शुक्रवारी आईचं सामान बांधायला ती अर्धी रजा काढून दुपारी निघाली. गल्लीच्या तोंडाशी बघते तर रेडिओ खात्याचे निरीक्षक, एका हातात माशाच्या काट्यासारखं एरियल आणि दुसऱ्या हातात मीटर घेऊन सावकाश स्वतःभोवती गोल फिरत होते. त्यांच्यामागे तळमजल्यावरचे गाडीमास्तर. गाडीमास्तर लोकांना गाडी चालवायला शिकवायचे, आणि दोन महिने त्यांचं रडगाणं चाललं होतं की गाडीची रिमोट किल्ली दिवसा चालत नाही, संध्याकाळी चालते. हिनं त्यांना सेल बदला म्हणून सांगितलं होतं. त्यांनी तीनदा सेल बदलला आणि शेवटी सरकारकडे तक्रार केली.

निरीक्षक तिला ओळखत होते. कंपनीची चाचणीची लोखंडी खोली तपासायला ते दरवर्षी यायचे. मॅडम, बरं झालं भेटलात, म्हणाले, जरा हे मीटर धरा, चष्मा पुसून घेतो. तिला हुरूप आला. कोण्या बेअक्कल माणसानं घरात बेकायदा काहीतरी लावलंय, असं तिनं गाडीमास्तरांना समजावून सांगितलं. अशा लोकांमुळे नियम करावे लागतात, आणि नियम केले तरी हे लोक वाचत नाहीत. आईचं सामान तिनं दहा मिनिटं बाजूला ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

एरियल गल्लीतून तिच्याच इमारतीकडे वळलं. तिला गंमत वाटली. तळमजल्यावर काटा निम्म्यावर होता. पहिल्या मजल्यावर, आईच्या दारापाशी, तो आणखी चढला. आईच्या नव्या पेटीतच काही बिघाड असला तर, या विचारानं तिचा राग फिटरकडे वळला. पण निरीक्षकांनी एरियल वर केलं आणि काटा त्याच्याबरोबर वर गेला. ते जिना चढू लागले. मीटर तिच्याच हातात होतं. तिच्या स्वतःच्या दारासमोर काटा शेवटच्या खुणेला जाऊन टेकला आणि तिथंच थरथरत राहिला.

गाडीमास्तर पायऱ्यांकडे बघत उभे राहिले. तिनं किल्ली लावली.

आत चपलांच्या कपाटावर तिचा बोर्ड होता. दोन महिन्यांपूर्वी गल्लीत भरदिवसा घरफोडी झाली, तेव्हा तिनं प्रयोगशाळेतला एक जास्तीचा बोर्ड आणून घराला राखण बसवली होती. बाहेर पडताना बटण खाली, घरी आल्यावर बटण वर. बोर्ड दारावर नजर ठेवायचा आणि आतल्या खोलीतल्या भोंग्याला सगळं ठीक असल्याचं कळवायचा. बटण वर न करता कळवणं थांबलं की भोंगा बोंबलायचा. थोडी थोडी विश्रांती घेत कळवलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण त्यांच्या प्रयोगशाळेत मोजताना काटा स्थिर राहावा म्हणून बोर्ड अखंड बोलता ठेवतात, दम न घेता, पूर्ण जोरात. हाताच्या सवयीनं तिनं घरीही तसाच ठेवला होता. प्रयोगशाळेत तो लोखंडी खोलीत बोलतो आणि दार लावलं की बाहेर चिटपाखरालाही कळत नाही. घराला लोखंडी खोली नसते, एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती.

तिनं बटण वर केलं. काटा शून्यावर पडला. खाली केलं, काटा वर. पुन्हा वर केलं. एव्हाना खाली उतरलेल्या गाडीमास्तरांनी किल्ली दाबली असावी, कारण गाडीचा कुईं असा आवाज आला.

दिवसा चालत नाही, संध्याकाळी चालते. रोज नऊला ती बाहेर पडायची, सहाला परत यायची. रविवारी घरी. फिटर आला तेव्हा घरी. ती घरी असली की सगळं ठीक. आणि तो मंगळवार, सकाळी अकरा. आईचं बटण कोणत्या लहरींवर बोलतं ते तिनंच माहितीपत्रकात वाचून पसंत केलं होतं. हा बोर्डही त्याच लहरींवर बोलायचा, बटणापेक्षा कितीतरी मोठ्यानं.

ती चपलांवरच खाली बसली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं नाही. कानात नुसतं घूं होत होतं आणि त्या आवाजात एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं, तिच्याच मऊ आवाजातलं. यंत्र खोटं बोलत नाही. यंत्र खोटं बोललं नव्हतंच. पेटीपर्यंत काही पोहोचलं नाही, एवढंच ते म्हणालं होतं. बाकीचं ती बोलली होती.

निरीक्षकांनी कपाटावरचं रिकामं खोकं उचललं. आतून चिठ्ठी निघाली, कोरी करकरीत, एकदाही न उलगडलेली. त्यांनी ती उलगडली, खालची सही बघितली आणि पुन्हा होती तशी घडी घातली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान असं ते म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. नोटीस द्यावी लागेल मॅडम, एवढंच म्हणाले.

ती म्हणाली, द्या. कंपनीलाही कळवा. पण त्याआधी माझं एक काम करा. मी खाली आईकडे जाते. मी गेले की हे चालू करा आणि बरोबर पाच मिनिटांनी बंद करा. कशासाठी ते तिनं दोन वाक्यांत सांगितलं. निरीक्षक ऐकून खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी घड्याळ काढून हातात धरलं.

खाली आई उघड्या बॅगेपाशी बसली होती. एका हाताला प्लास्टर, दुसऱ्या हातानं साड्यांच्या घड्या. बॅगेच्या झाकणावरही कागद होता: चष्मा घेतला का. मुलगी तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. बोर्ड माझा, चूक माझी, तू बटण दाबलं होतंस.

आईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग तिनं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"उगाच माझं मन राखू नकोस गं," ती म्हणाली. "नव्हतं दाबलं मी. मला आता नीट आठवतंय. हात छातीशीच होता, पण दाबायचं सुचलं नाही."

वरच्या मजल्यावर बसला नव्हता एवढा धक्का मुलीला इथे बसला. आईनं हार मानली एवढंच तिला वाटत आलं होतं. आईच्या डोक्यातला तो मंगळवारच आपण पुसून टाकलाय आणि तिथं आपला मंगळवार लिहिलाय, हे तिला आत्ता दिसलं. आईला ते खरंच आठवत होतं. अगदी तपशिलासकट.

तिनं आपला मोबाईल काढला, आईसमोर बॅगेवर ठेवला आणि म्हणाली, आई, एकदा दाब.

आज रविवार नाही, आई म्हणाली. पण तिनं दाबलं. मोबाईल गप्प. तिनं बटणाकडे बघितलं आणि पुन्हा दाबलं. मोबाईल गप्प. मग अंगठा सरळ करून, एक्स्चेंजमध्ये खटके दाबायची तसा, नेमका, जोर देऊन दाबला. काही नाही. आई दाबत राहिली. तिचा श्वास भराभर होऊ लागला, मान पुढे आली, आणि अंगठ्याचं नख पांढरं पडलं तरी ती थांबेना. मुलगी हात धरायला गेली तर आईनं तो झटकला.

"असंच," ती म्हणाली. आवाज बदलला होता. "अगं, अस्संच होतं. मी दाबत होते, दाबत होते, आणि तू येत नव्हतीस."

एवढं बोलून ती दाबतच राहिली. मुलीला आता रडू आलं. तिनं ते थांबवायचा प्रयत्न केला नाही. भिंतीवरचे कागद वाऱ्यानं जरा हलले. सगळे मुलीसमोर होते, गॅस, किल्ली, शुक्रवार, आणि त्यातला एकही आईला कधी लागणार नव्हता.

वर निरीक्षकांची पाच मिनिटं भरली. मोबाईल वाजला. पडद्यावर 'आई' आलं आणि बॅगेवरच्या साडीवर तो थरथरू लागला. मुलीचा हात उचलेना. आईनं अंगठा बटणावरून काढला आणि तीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिलेल्या आवाजात म्हणाली, "लागला. उचल आता."