दार दोनदा

राग आमच्या आजोळी सगळ्यांच्याच नाकावर असतो, पण मामाच्या नाकावर त्याचा कायमचा मुक्काम. तीस वर्षं त्याने लोकांना गाडी चालवायला शिकवलं ते ओरडूनच. सगळे त्याला मास्तर म्हणतात. त्याच्या जुन्या गाडीच्या दाराचं लॉक बिघडलेलं होतं, दार एका झटक्यात कधी लागायचंच नाही. ते दुरुस्त करायचं सोडून या महाशयांनी नियमच केला: दार लावायचं, उघडून पुन्हा लावायचं, मगच चावी. त्या नियमापायी मीही भरपूर बोलणी खाल्ली आहेत.

परवा डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं, आता गाडी चालवणं बंद, शिकवणंही बंद. मामा न ओरडता उठून बाहेर आला.

परतीला टॅक्सी केली. चालवणारी मुलगी होती, तिने मामाला हात देऊन मागे बसवलं. बसल्या बसल्या तो मला म्हणाला, "सगळा जन्म दुसऱ्याच्या शेजारी बसण्यात गेला. हाती काय लागलं? उद्यापासून मला मास्तर तरी कोण म्हणणार?"

मी धीर देणार, तेवढ्यात पुढे बसलेल्या त्या मुलीने आपलं दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. मग चावी फिरवली. गाडी कोरी करकरीत होती.

मामा सरसावून बसला. दार नीट लागत नाही का, त्याने विचारलं. लागतं की, ती म्हणाली; पण मावशीने असंच शिकवलंय, आणि मावशीला तिच्या मास्तरांनी. घरचे मावशीला म्हणायचे, तुला या जन्मी जमणार नाही. मास्तर ओरडले खूप, पण शिकवल्याशिवाय सोडलं नाही. आता ही धाकट्या बहिणीला शिकवत होती, आणि तिलाही दार दोनदा लावायला लावत होती.

मामा खाकरून म्हणाला, "त्या मास्तरांच्या गाडीचं लॉक बिघडलेलं होतं. बाकी काही कारण नव्हतं."

मुलीने आरशातून त्याच्याकडे नीट पाहिलं.

घर आलं. मामा उतरला, दार लावून माझा हात धरून निघाला.

"मास्तर," मागून हाक आली, "पुन्हा एकदा."

मामा वळला. त्याने दार उघडलं, पुन्हा लावलं. त्याचे डोळे भरले होते, माझेही. आणि वर माझ्यावरच खेकसला, बघत काय उभी राहिलीस, जिना कुठंय ते दाखव.