काचपेटीची घंटा

मी बाळांना ऊब देणारी एक जुनी काचपेटी आहे, आणि मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. माझ्या पोटात माणसांची छत्तीस आणि कांगारूंची नव्वद पिले वाढली आहेत. अशी दुसरी पेटी दाखवा, मी माझी उरलेली काच फोडून देईन.

सध्या माझा मुक्काम यारमबूल गावाबाहेर, टेस पास्कोच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. हमरस्त्यावर कांगारूची मादी ट्रकखाली गेली की तिच्या पोटाच्या पिशवीत जिवंत राहिलेले पिलू लोक टेसकडे आणून देतात. आत्ताही माझ्या आत हिरव्या लोकरीची एक पिशवी आहे आणि तिच्यात केस न फुटलेले एक गुलाबी पिलू. पिशवी अबोल आहे. मी बोलते, ती ऐकते. वर्षानुवर्षे आमचे असेच बरे चालले आहे.

मित्रांनो, मी आगगाडीने या गावात आले तेव्हा मला पाहायला अख्खा गाव दवाखान्यात लोटला होता. फीत कापली गेली, चहा झाला, केक संपले. अपुऱ्या दिवसांचे मूल आता गावात मरणार नाही, असे सगळे म्हणाले आणि मी ते खरे मानले. मग कुणीतरी माझ्याभोवती जमिनीवर लाल रंगाची रेघ ओढली. आयांनी रेघेपलीकडे उभे राहायचे, हात लावायचा नाही. ती रेघ मला फार आवडायची. हे सांगताना आज माझी काच धुरकट होते.

गंमत अशी की या गावाला पिले वाढवणे नवे नव्हते. घरोघरी दाराच्या कडीला उशीचा अभ्रा लटकलेला असायचा आणि त्यात कांगारूचे पोरके पिलू. मेंढ्या कातरणारे गडी पिलू सदऱ्यात घालून कातरायचे. एकदा चर्चमध्ये बाजा वाजवणाऱ्या बाईंच्या झग्याच्या गळ्यातून दोन लांब कान वर आले आणि पिलाने शेवटपर्यंत तालावर मान हलवली. तेही खरे आहे.

कांगारूचे पिलू तेहेतिसाव्या दिवशीच जन्मते, घेवड्याच्या दाण्याएवढे, हे इथे पोस्टमनलाही ठाऊक होते. फुप्फुसे नावालाच असतात. तरी ते आईच्या केसांतून सरपटत आपले आपण पिशवीत पोचते, सड तोंडात धरते आणि कित्येक महिने सोडत नाही. गर्भात जे व्हायचे राहिले, ते पिशवीत होते, आईच्या कातडीच्या उबेने आणि दुधाने. पण माणसाचे मूल लवकर आले, की ते दवाखान्याचे काम. लोक स्वेटरातले पिलू काढून, अभ्र्यात घालून दवाखान्याच्या ओसरीवरच्या खुंटीला अडकवायचे आणि आत येऊन लाल रेघेमागे हात बांधून उभे राहायचे. एवढे शहाणपण खुंटीवर टांगून आत येणारी माणसे मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

तो मोठ्या दुष्काळाचा उन्हाळा होता. कातरणाऱ्यांच्या छावणीत स्वयंपाक करणाऱ्या ग्लेनिस पास्कोला बारा आठवडे आधी मुलगी झाली. वजन एका मोठ्या पावाएवढे, जेमतेम किलोभर. ती पाच दिवसांची असताना भर दुपारी धुळीचे वादळ आले. आकाशात नांगर धरता आला असता, एवढी माती वर होती. परिचारिका ओल्या चादरी खिडक्यांत कोंबत धावत होत्या.

आता मान खाली घालून सांगते. धूळ माझ्या पोटात शिरली आणि माझी ऊब विझली. तेवढे झाले असते तर बिघाड म्हणून सोडून देता आले असते. पण ऊब दाखवणारा माझा काटा अडकला. दिवा चालू, काटा जागेवर, आणि आत पोर गार पडत चाललेली. आधी तिचे रडणे थांबले. मग बोटे पाटीच्या रंगाची झाली. मी मात्र सगळे ठीक असल्यासारखा चेहरा करून बसले होते.

पण मी घंटा वाजवली. जीव तोडून वाजवली. ती ऐकून सिस्टर मेव्हिस धावत आल्या, झाकण उघडून त्यांनी आत हात घातला, तर आत सगळे गार. दुसरी पेटी दोनशे मैलांवर होती. वादळात विमान उतरणार नव्हते.

मेव्हिस ग्लेनिसकडे वळल्या.

"अगं, हे कांगारूचं पिलू असतं तर काय केलं असतंस?"

"स्वेटरात घातलं असतं, सिस्टर. पण ही माझी पोर आहे."

"मग तिनं काय पिलाहून वाईट केलंय? काढ बटणं."

पोरीला उघड्या छातीवर ठेवले आणि बाळंतिणीला थंडी बाधू नये म्हणून ग्लेनिसच्या अंगात असलेला हिरवा स्वेटर वरून ओढला. तेवढ्यात डॉक्टर आले. धूळ, जंतू, नियम, सगळी कारणे त्यांनी पुढे केली. मेव्हिसनी शांतपणे विचारले, "डॉक्टर, तुमच्या स्वयंपाकघराच्या दाराला काय लटकतंय?" डॉक्टरांच्याही दाराला पिलू होते. ते पोरीची नाडी धरून खाली बसले.

चार तास कुणी जागचे हलले नाही. पोरीचा श्वास अडखळायचा, आईची छाती वर व्हायची, की पुन्हा सुरू व्हायचा. आधी कान गुलाबी झाले, मग बोटे. धूळ बसली तेव्हा ती तोंडाने काहीतरी शोधत होती.

पोरीला पाजायचे डब्यातले दूधही मेव्हिसनी त्याच दिवशी बंद केले. कांगारूची मादी मोठ्या पिलाला एका सडातून वेगळे आणि धाकट्याला दुसऱ्यातून वेगळे दूध देते, असे त्या डॉक्टरांना म्हणाल्या. मग आपली पोर लवकर आली हे ग्लेनिसच्या अंगाला कळले नसेल का? पुढे मोठ्या शहरांतल्या तपासण्यांतही तेच निघाले म्हणतात. लवकर बाळंत झालेल्या आईचे दूध वेगळेच असते.

लाल रेघ मेव्हिसनी सुरीने खरवडली. मला दुरुस्त केले, कारण आई तापाने फणफणली किंवा पोर फारच नाजूक असली तर पेटी लागतेच. पण त्यानंतर मी आयांबरोबर आळीपाळीने काम केले. शेवटी नवे यंत्र आले आणि मी भंगारात निघाले. तिथून मला टेसने उचलून आणले. ती पावाएवढी पोर म्हणजे हीच टेस. ग्लेनिस गेली, तेव्हा टेसने तिच्या स्वेटराच्या बाह्या कापून ही हिरवी पिशवी शिवली.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी वेळेआधी आले, तर पेटीला नावे ठेवू नका. पण पेटीभोवती रेघ ओढू नका, आणि काट्यावर विसंबून हात मागे घेऊ नका. माझ्याकडून चूक झाली, मी कबूल करते. निदान वेळेवर घंटा तरी वाजवली, एवढेच माझे—

"घंटा वाजलीच नव्हती," पिशवी म्हणाली. "ग्लेनिसनं रेघ ओलांडून काचेला हात लावला. काच गार लागली, म्हणून ती ओरडली. मी तिच्या अंगावरच होते."