पाण्यात ठेवलेली वीट

मुकांदोरी गेली तेव्हा भट्टी पेटून तीन दिवस झाले होते. अजून दोन दिवस आग द्यायची होती.

रुगेमा वीस वर्षं त्या दलदलीच्या काठावर भट्टी लावत होता. विटा थापायची ती त्याची बायको मुकांदोरी. कोणाची वीट कोणती हे कळावं म्हणून बाकीच्या बाया ओल्या विटेवर काडीनं रेघ मारायच्या. मुकांदोरी कोपऱ्यात अंगठा दाबायची. म्हणायची, "काडी शोधत कोण बसतंय? अंगठा काय हरवत नाही."

वर टेकडीवर तीन मजली घरं बांधायचं चाललं होतं. किगाली शहर पसरत पसरत शेतांपर्यंत आली होती, आणि आता आडवं पसरायला जागा उरली नव्हती. या घरांना विटा दलदलीतल्याच लागणार आणि भट्टीवरच्या प्रत्येक कुटुंबाला तिथं एक घर मिळणार, असं ठरलं होतं. रुगेमाला दुसऱ्या मजल्यावरचं कोपऱ्यातलं मिळालं. भिंती उठायच्या आधीच मुकांदोरी जाऊन बघून आली होती. "खिडकी दलदलीकडं ठेवायला सांग," ती म्हणाली होती. "तू काम करतोस का भट्टीच्या उबेला झोपतोस, ते मला वरनं दिसलं पाहिजे."

मग तिला ताप आला. चौथ्या दिवशी दवाखान्यातून तिला कापडात गुंडाळून आणली.

मयताच्या घरी शेजाऱ्यांनी येऊन बसायचं, कुदळ उचलायची नाही, आणि ज्याचं माणूस गेलं त्याच्याजवळ कामाचं बोलायचं नाही. आठव्या दिवशी सगळ्यांनी एका भांड्यातल्या पाण्यानं हात धुवायचे, ज्वारीची दारू एकमेकांना द्यायची, आणि मग कामाला लागायचं. भट्टीवरची झाडून सगळी माणसं येऊन बसली होती. त्याच्याबरोबर भट्टी लावणारा सेबुहोरो तर पहिल्या दिवसापासून रुगेमाच्या खांद्याला खांदा लावून होता. रुगेमानं भट्टीचं काही विचारलं नाही. त्याला ते आठवलंसुद्धा नाही.

हात धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी तो टेकडीवर गेला. दुप्पट गवंडी लावून तळमजल्याच्या भिंती पूर्ण केल्या होत्या, वरचा मजला कमरेइतका आला होता. त्यानं सवयीनं खिशातला खिळा काढून भिंतीवर मारला. चांगली वीट वाजते. ही वाजली नाही. त्यानं दुसरी बघितली, तिसरी बघितली, सगळी भिंत फिरून आला. मग तिथंच खाली बसला.

सेबुहोरो गवंड्यांना विटा देत होता. रुगेमानं त्याला बाजूला घेतलं.

"भट्टीची तोंडं लिंपून आग कधी बंद केली?"

सेबुहोरोनं हात पुसले. "वैनी गेली त्याच दिवशी."

"दोन दिवस आधी?"

"मग काय करायचं होतं? तिकडं तुझ्या घरात रडारड चाललेली, आणि आम्ही इथं लाकडं टाकत बसायचं? माझ्या बायकोला पहिला घास तिनं भरवला होता बाळंतपणात. म्हटलं, आतली धग पुरेल."

"नाही पुरली."

"वरच्या थरातल्या थोड्या कच्च्या राहिल्या असतील."

"मला का नाही सांगितलंस?"

"आठ दिवस तुझ्याजवळ भट्टीचं नाव काढणार होतो का मी?" सेबुहोरोचा आवाज खाली आला. "तोवर बांधकामाचा ट्रक आला, त्यांच्याच माणसांनी विटा काढून नेल्या. गवंड्यांनाही इथं वर पाण्याची टंचाई. लावायच्या आधी भिजवल्या कुठं, नुसतं शिंपडलं. नाहीतर तेव्हाच कळलं असतं."

रुगेमानं इंजिनिअरच्या शेडकडं बघितलं.

"बोलू नकोस दादा," सेबुहोरो म्हणाला. "वरनं गिलावा होईल. टिकेल ते."

"खालच्या मजल्यावर राहणार कोण?"

"माझीच पोरं राहणार आहेत. मला कळत नाही होय?"

"मग?"

"मग काय. तू बोललास की भट्टी बंद. कारखान्याच्या विटा आणतील, आणि आपली घरंही जातील. तुझं एकट्याचं आहे. आमचं सोळा घरांचं आहे."

'एकट्याचं' हा शब्द तेवढा रुगेमाच्या कानात राहिला. तो पत्र्याच्या शेडकडं चालू लागला.

उमुतोनी नावाची तरुण इंजिनिअर तिथं नकाशे बघत होती. मयताच्या घरीही ती येऊन बसून गेली होती. त्याला बघून उठली.

"बसा बाबा. इतक्यात कशाला आलात कामावर?"

"ताई, खालची भिंत कच्ची आहे."

तिनं बाहेर येऊन भिंतीवर हात फिरवला. "रंग जरा फिकट आहे. पण दिसायला बरी आहे की."

"बादली द्या. एक वीट चारपर्यंत पाण्यात राहू दे."

वीट आणायला तो स्वतः गेला. न लागलेल्या विटांचा थोडासाच ढीग उरला होता. त्यानं एक उचलली, कोपऱ्यात अंगठा होता. ती ठेवून दुसरी घेतली. तिच्यावरही अंगठा. रेघेची एखादी मिळावी म्हणून त्यानं सगळा ढीग उलथला. मिळाली नाही. तापाच्या आधीच्या महिन्यात एवढ्या विटा तिनं एकटीनं थापल्या होत्या. सेबुहोरो लांबून बघत होता. पुढं आला नाही.

रुगेमानं वरचीच एक वीट घेतली आणि बादलीत ठेवली. बुडबुडे आले, मग थांबले. दुपारभर तो बादलीशेजारी बसून राहिला. कोणी त्याला केळी आणून दिली, ती तशीच राहिली. पाणी हळूहळू लाल झालं.

चार वाजता उमुतोनी आली. त्यानं वीट बाहेर काढून तिच्यापुढं धरली. तिनं कोपरा चिमटीत धरताच तो चिखलासारखा तिच्या हातात आला. तिनं हात झटकला नाही. तशीच भिंतीकडं बघत उभी राहिली.

"वरचं काम आत्ता थांबवते," ती म्हणाली. "भिंती पाडाव्या लागतील. आणि बाबा, भट्टीचं मला वर कळवावं लागेल."

"कळवा."

"तुमचं घर..."

"माहीत आहे."

ती गेली. गवंडी मचाणावरून उतरू लागले. सेबुहोरो त्याच्या समोरून गेला. त्याच्यामागून बाकीची भट्टीवरची माणसं गेली. आठ दिवस ती त्याच्या अंगणात बसली होती.

कोपरा गेलेली वीट रुगेमाच्या मांडीवर होती. अंगठा त्याच कोपऱ्यात होता. त्यानं बादलीत हात घालून तळाची माती चाचपली. माती मऊ होती, थापायच्या आधी असते तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत पाडायला माणसं लावली. रुगेमानंही घण मागून घेतला. त्याला कोणी नको म्हटलं नाही.