चोविसावं घर

मी नल बोलतोय. दिसत नाही म्हणून दचकू नका. संगणकाच्या सी भाषेत प्रत्येक नावाच्या शेपटाशी एक शून्य उभं असतं, तो मी. यंत्र नाव वाचत येतं, मला धडकतं आणि थांबतं. मी नसलो, तर पुढ्यात येईल ते वाचत सुटतं. उधळलेल्या बैलाला काय वेस नि काय कुंपण!

माझा जन्म बीडचा, बसस्टँडमागच्या अभिमन्यू सरांच्या क्लासमधला. सत्काराला गुणवंतांची नावं मोठ्या पडद्यावर झळकवायची म्हणून सरांनी प्रोग्राम लिहिला. आधी पोराच्या नावाचा रकाना, त्याला चिकटून सरांचा खासगी शेरा. नावाचा रकाना केवढा? सरांनी वर्गातलं सगळ्यात लांब नाव, विश्वेश्वर शंकरप्पा, इंग्रजी अक्षरांत लिहून बोटांवर मोजलं. मधली मोकळी जागा धरून तेवीस. अक्षरामागे एक, अशी मोजून तेवीसच घरं पाडली.

तेलगावची सुकन्या उठली. "सर, चोवीस करा. नलला एक घर लागतंय."

"ऐका बे! तेलगावची बाई मला सी शिकवायलीय. जे दिसत न्हाई, त्याला घर कावून द्यायचं? बस खाली!"

वर्ग फिदीफिदी हसला. सुकन्या मान घालून बसली. मी मात्र डूख धरला.

आखूड नावांमागे मला आयतं घर मिळे. विश्वेश्वरच्या वेळी मात्र शेजारच्या शेऱ्याच्या उंबऱ्यावर टेकायचो, आणि शेरा आला की मला तुडवून आत बसायचा.

सत्काराचा दिवस उजाडला. पहिल्या खुर्चीत विश्वेश्वरचे वडील, किराणावाले शंकरप्पा. त्यांच्या दुकानावरचा हॉल सरांना नव्या क्लाससाठी हवा होता. म्हणून तर पोरगं गुणवंतांत घुसवलेलं. शंकरप्पा आज मंचावरूनच होकार देणार होते.

विश्वेश्वरचं नाव आलं. तेवीस अक्षरं संपली. मला तर शेऱ्यानं कधीच तुडवलेलं. यंत्राला अडवायला कोण? हातभर अक्षरांत, लिपी इंग्रजी पण भाषा आपलीच, पडद्यावर झळकलं: "विश्वेश्वर शंकरप्पा दगड आहे, बाप भोळा, हॉल मिळेपर्यंत गोंजारा."

अशी शांतता पसरली, की बिंदुसरा नदीपल्याडच्या बकरीचं रवंथ ऐकू आलं. खोटं वाटत असेल तर बकरीला विचारा.

शंकरप्पा उठले. "चल बे विश्वेश्वर. सर, हॉलात आमी मिरच्या वाळवू. लई भोळे हाव ना!"

"मी म्हणले होते, सर," मागून सुकन्या बोलली. यावेळी कुणी हसलं नाही.

त्याच दिवशी सरांनी तेविसाचे चोवीस केले. सुकन्याला मात्र 'तुझं बरोबर होतं' एवढंही म्हणाले नाहीत. म्हणून माझा डूख अजून गेलेला नाही. चोविसाव्या घरात ऐटीत बसून मी वाट बघतोय. मोबाइल नंबरच्या रकान्याला सरांनी मोजून दहाच घरं पाडलीत, आणि त्याच्या शेजारी कोण राहतं ते मला ठाऊक आहे.

वाचकहो, सर कुठं भेटलेच, तर माझ्यासाठी एवढं करा. गप्प राहा.