काळ्या दारातला वैरी

मी एक म्हातारा रानटर्की आहे, मित्रांनो, कोंबड्याच्या कुळातला थोराड रानपक्षी. बॉस्टनजवळच्या एका वसाहतीत रस्त्याच्या मधोमध चालतो. गाड्या थांबतात. थांबायलाच हव्यात.

माझा जन्म फिलोमिनाबाईंच्या कुंपणाखाली, सुक्या पाल्यात झाला. आई अंडी उबवत होती तेव्हा बाईंनी तिथलं गवत कुणाला कापू दिलं नाही. तरुणपणी मी पोस्टमनला पळवलं, माद्यांपुढे पिसारा फुलवून मिरवलो. लोक कौतुकाने फोटो काढायचे.

मग शेजारच्या वेंडेलने नवी काळी गाडी आणली आणि तिच्या दारात एक टर्की राहायला आला. माझ्याच वयाचा, माझ्यासारखंच वाकडं बोट असलेला, आणि महाउद्धट. मी पिसारा फुलवला की तोही फुलवायचा. मी चोच मारली की तोही तिथेच मारायचा. तो मागे सरेना, मग मी का सरावं? रोज सकाळी आमची जुंपायची. दाराचा रंग आम्ही दोघांनी उडवला, पण खापर माझ्या एकट्याच्या डोक्यावर फुटलं.

"बास झालं आता," वेंडेल फिलोमिनाबाईंना म्हणाला. "वन्यजीव खात्याचा माणूस उद्या येतोय. पुन्हा गाडीवर धावला, तर घेऊन जाईल."

"नेऊन काय करणार?"

"मारणार. दुसरं काय?"

"अरे, तुझ्या आईनेच याच्या आजोबाला पाव घालून घालून गल्लीत आणला. आता तू नातवाच्या जिवावर उठलास? आरशासारखी गाडी दारात लावायची आणि पाखराला वेडं ठरवायचं. लाज नाही वाटत?"

बाई घरातून फुलाफुलांची जुनी चादर घेऊन आल्या आणि गाडीवर पसरू लागल्या. मी आडवा उभा राहिलो, तर त्यांनी झाडू उगारला. "सरक रे म्हाताऱ्या, तुझ्यासाठीच चाललंय हे."

सकाळी खात्याचा माणूस आला. मी गाडीभोवती फेरी मारली. वैरी कुठेच दिसेना. माणसाने कॉफी संपवली, "हा तर नुसता फिरतोय," म्हणाला आणि निघून गेला.

चादरीने मला वाचवलं, असं सगळी गल्ली म्हणते. म्हणू दे. तो पळाला, मी नाही.

मित्रांनो, आम्हांला पाव घालून माणसाळवू नका. कुंपणाखालच्या अंड्यांवरून गवत कापायचं यंत्र फिरवू नका. चकचकीत गाडी घेतलीत तर तिच्यावर चादर घाला. पण आम्हांला रस्ता सोडायला सांगू नका.

काल वाऱ्याने चादरीचा कोपरा उडाला. खाली तेच वाकडं बोट दिसलं. पाय लटपटत होते. बिचारा फार म्हातारा झालाय. मला वाईट वाटलं, म्हणून चोच मारली नाही.

मागे मात्र सरलो नाही.