मुडदे मागेल तो हरला

दोन्ही सेनापती हट्टाला पेटलेले, आणि मधल्या कुरणात मुडदे कुजत पडलेले. रिवाजच तसा होता. लढाईनंतर आपले मुडदे पुरायची परवानगी मागायला जो शत्रूकडे तुतारीवाला धाडेल, तो हरला. मग काय, बव्हेरियाचा सरदारही मागेना आणि स्वीडनचाही मागेना.

त्या मुडद्यांत आपोलोनियाचा धाकटा भाऊ होता, लेन्झ. आपोलोनिया म्हणजे बव्हेरियाच्या छावणीतली बिअरवाली. तिसऱ्या दिवशी कुरणात कावळे उतरले तशी ती उठली. "बस्स झालं. लेन्झला आज माती मिळणार म्हणजे मिळणार."

काठीला पांढरं फडकं बांधून बाई थेट स्वीडिश सरदारापुढे उभी.

"मालक, आमच्या साहेबांनी पाठवलंय. मुडदे पुरू द्या म्हणतात."

सरदाराच्या मिशा थरथरल्या. "म्हणजे हरलो म्हणतो? मग तुतारीवाला कुठाय?"

"अहो, माणसाला लाज असते की नाही? तुतारी काय गुपचूप वाजते? फक्त कुरणात आमच्या पोरांना चिडवू नका. रडकुंडीला आलीत."

"छे छे! आम्ही काय हलकट आहोत?"

तिथून ती आपल्या सरदाराकडे. "साहेब, पलीकडे बिअर विकायला गेले होते. त्यांचा सरदार हळूच म्हणाला, मुडदे पुरू द्या, पण बोभाटा नको."

"वाटलंच मला!" साहेबांनी मांडीवर थाप मारली. "रडत होता का गं?"

"डोळे पुसताना पाहिलं, साहेब."

दुपारी दोन्हीकडचे शिपाई फावडी घेऊन उतरले. जो तो समोरच्याची कीव करतोय! एक उंच स्वीडिश तर लेन्झचा खड्डा खणायला आपणहून आला. "वाईट वाटून घेऊ नका, बाई. हारजीत चालायचीच."

शेजारी खणणारा बव्हेरियाचा शिपाई यॉर्ग उसळला. "हार? कुणाची हार?"

आपोलोनियाने टाचेनं त्याचा पाय दाबला. "यॉर्ग, तोंड बंद, फावडं चालू."

लेन्झ अर्धा झाकला नाही तोच दोन्ही छावण्यांत एकदमच विजयाची प्रार्थना सुरू झाली. तोफाही उडाल्या. सगळी फावडी थबकली.

"तुमच्याकडे कसला आनंद?" स्वीडिश चक्रावला.

"हरलेल्यालाही देव असतो, बाबा. ढकल माती."

त्यानं ढकलली. यॉर्गनंही ढकलली. आपोलोनियाने ती पायांनी घट्ट दाबली, वर लाकडाचा क्रूस ठोकला, हात झटकले.

"हं. आता भांडा हवं तेवढं, कोण जिंकलं ते."

आणि ते भांडले.